दुसरा ग्लास: उन्हाळी पेयांच्या वहीतल्या नोंदी

६ मार्च

नवी वही, पहिलं पान. गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट खटकली होती, तिचा आता सोक्षमोक्ष लावायचा. लेक खेळून घरी आली की मोठा ग्लास भरून सरबत प्यायची आणि लगेच पाण्याकडे धावायची. सरबत पिऊनही वर पाणी लागत असेल, तर त्या सरबताने केलं काय?

काम असं: फ्रिजमध्ये दोन-तीन बाटल्या तयार असाव्यात. घरातल्या कुणालाही त्यातून मिनिटाभरात ग्लास करता यावा. आणि त्या ग्लासात १०० मिलीला ५ ग्रॅमच्या वर साखर नसावी. बाजारातल्या गोड थंड पेयांत ती साधारण १०-११ ग्रॅम असते, म्हणजे निम्म्याच्याही खाली यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस या सगळ्यांची मिळून मर्यादा सुचवली. त्यातली कडक मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास पडते. विकतचा एक ग्लास प्यायला की ती संपली.

परीक्षक चार: आई, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि मी. 'कसं झालंय?' असं कुणालाही विचारायचं नाही. आमच्याकडे सगळ्याला 'छान' म्हणायची पद्धत आहे, त्यातून काही कळत नाही. फक्त दोनच गोष्टी लिहायच्या: ग्लास रिकामा झाला का, आणि दुसरा मागितला का.

९ मार्च

लिंबू सरबत, पहिला प्रयोग. २५० मिली ग्लासमध्ये ३० मिली रस, २५ ग्रॅम साखर, बाकी पाणी. ओट्यावर चव घेतली, झकास. तीन तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा घेतली, तर तेच सरबत नुसतं आंबट. जणू साखर कुणी काढून घेतली.

हा भास नाही. जिभेवर गोडाचा निरोप पुढे पोचवणारी एक वाहिनी आहे, टीआरपीएम५. ती उष्णतेने जास्त उघडते आणि गारठ्यात मंदावते. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. वितळलेलं आइस्क्रीम असह्य गोड का लागतं, याचंही उत्तर तेच. आंबट चव थंडीत तेवढी दबत नाही, त्यामुळे गार सरबताचा तोल आपोआप आंबटाकडे झुकतो.

अशा वेळी हात साखरेकडे जातो. मी उलट रस कमी केला. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण ५-६ टक्के असतं. २० मिली रसातून ग्लासात सव्वा ग्रॅमच्या आत आम्ल येतं, आणि त्याच्या सोबतीला १२-१३ ग्रॅम साखर पुरते. आंबट कमी केलं की गोड आपसूक कमी लागतं.

नियम पहिला: यापुढे चव फक्त ५-६ अंशांवर घ्यायची. स्वयंपाकघरातला थर्मामीटर ओट्यावरच राहील.

१२ मार्च

बर्फाने घोळ घातला. २० मिली रस आणि १२.५ ग्रॅम साखरेचं माप पहिल्या घोटाला नेमकं बसलं. पाच मिनिटांनी मात्र सगळं पचपचीत. बर्फ वितळून पाणी वाढणार हे कुणाला माहीत नाही? पण किती वाढतं, हे मी आजवर कधी मोजलं नव्हतं.

हिशोब मांडला. १९० ग्रॅम सरबत ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर त्यातून जवळपास २० हजार ज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल ओढून घेतो. फ्रिजरच्या उणे १८ अंशांवरून शून्यावर येताना आणि वितळून ५ अंशांपर्यंत चढताना मिळून आणखी साठेक. म्हणजे ग्रॅममागे ३९० च्या आसपास, आणि एकूण बर्फ ५० ग्रॅम.

प्रत्यक्षात वजन करून बर्फ टाकला, ५ अंश येईपर्यंत ढवळलं, उरलेला गाळून तोलला. वितळलेला निघाला ६६ ग्रॅम.

१६ ग्रॅमचा फरक कुठून आला, हे शोधण्यात अर्धा तास गेला. मग हातातल्या काचेच्या ग्लासाकडे लक्ष गेलं. २४० ग्रॅमचा जाड ग्लास, तोही ३० अंशांवर. त्यालाही गार व्हायचं असतं, आणि त्याच्या वाट्याला तेराएक ग्रॅम बर्फ जातो. उरलेला हवेने खाल्ला. पातळ स्टीलच्या पेल्यात हाच प्रयोग केला तर बर्फ दहा ग्रॅमने कमी लागला. पण स्टील बाहेरची उष्णताही तितक्याच झटक्यात आत घेतं, पेला हातात धरून गप्पा मारत बसलात तर सगळी बचत गेली. आता ग्लासच फ्रिजमध्ये ठेवतेय.

सुधारित माप: १४० मिली पाणी, ७० ग्रॅम बर्फ. वितळणारा बर्फ हाही पाककृतीतलं पाणीच आहे, असं धरायचं.

१४ मार्च

सकाळी आठ लिंबांचा रस एकदम काढून ठेवला. संध्याकाळी कडवट. साल पिळली गेली असेल म्हणून हलक्या हाताने पुन्हा काढला, तरी रात्री कडूच.

याला लिमोनिन जबाबदार. फळ अखंड असताना ते कडू नसलेल्या रूपात असतं. रस निघाला, आम्लाशी गाठ पडली, की काही तासांत त्याचं कडू लिमोनिन होतं. बिया आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा यांत त्याचा साठा जास्त. म्हणून ताजा रस गोड बोलतो आणि शिळा रस टोमणे मारतो.

उपाय: बिया लगेच काढायच्या, जोर लावून पिळायचं नाही आणि रस थेट बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचा. आमच्या ट्रेचा एक खण बरोबर २० मिलीचा. एक खडा म्हणजे एका ग्लासाचा रस.

१५ मार्च

रस साखरेत उकळून टिकाऊ पाक करता येईल का, तेही बघून झालं. शिजवलेल्या लिंबाचा वास येतो, उग्र आणि मरगळलेला. जेम्स लिंडने १७४७ मध्ये खलाशांवर प्रयोग करून लिंबूवर्गीय फळं स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर, चालतात हे दाखवलं आणि पुढे रस आटवून साठवायचा सल्ला दिला. त्या आटवण्यातच त्यातलं जीवनसत्त्व बरंचसं मेलं. मोठ्या माणसाचीही चूक तीच, एवढंच आजचं समाधान. हा रस्ता बंद.

१८ मार्च

पिळलेल्या लिंबांच्या साली टाकवेनात. पुढच्या खेपेची लिंबं पिळण्याआधीच बारीक किसणीने वरचा रंगीत भाग तेवढा किसून घेतला. पांढऱ्याला स्पर्श नको. तो कीस २०० ग्रॅम साखरेत चुरून झाकून ठेवला. साखर सालीतलं पाणी ओढते आणि त्यासोबत सुगंधी तेलही बाहेर येतं. सकाळी साखर ओली वाळू झालेली, आणि झाकण उघडताच अख्ख्या घरात लिंबू.

त्यावर २०० ग्रॅम गरम पाणी घालून विरघळवलं, गाळलं. तेल पाण्यात खरं तर विरघळत नाही, त्यामुळे पाक किंचित दुधी दिसतो आणि बाटली हलवूनच घ्यावी लागते. पण या पाकाने सगळा खेळ पालटला. नाकाला लिंबू भरपूर मिळालं की जिभेला ते कमी मिळालेलं चालतं. नवऱ्याने आज दुसरा ग्लास मागितला, न विचारता. वहीतली पहिली खूण.

२१ मार्च

मीठ. हा विषय मला चिमटीवर सोडायचा नव्हता. माझी चिमूट आणि आईची चिमूट यांत दुपटीचा फरक आहे, तोलून पाहिला.

आमचा काटा एक ग्रॅमच्या खाली काही सांगत नाही. म्हणून १० ग्रॅम मीठ ९० ग्रॅम पाण्यात विरघळवून छोट्या बाटलीत भरलं. या पाण्याचे ३ ग्रॅम घेतले की ०.३ ग्रॅम मीठ. अगदी थोड्या मिठाचे प्रयोग करायचे तर ही युक्ती सोन्यासारखी आहे.

शून्य, ०.१५, ०.३ आणि ०.६ ग्रॅम असे चार ग्लास केले. ०.६ ला 'खारट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडून आला. ०.३ ला मीठ कुणालाच ओळखता आलं नाही, पण तोच ग्लास सगळ्यांनी सर्वांत गोड म्हणून निवडला. साखर चारही ग्लासांत सारखीच होती! मीठ कडवटपणा दाबतं आणि कडू दबलं की मागचं गोड पुढे येतं, हे १९९७ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं गेलंय. सालीच्या तेलात थोडा कडूपणा असतोच, त्यामुळे इथे फरक ठसठशीत जाणवला.

२८ मार्च

आजची नोंद लांबणार, कारण या प्रकल्पाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

नवरा संध्याकाळी तासभर पळून आला. जाण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून वजन केलं: ७०० ग्रॅम कमी. मग सहज मनात आलं, गार सरबत प्यायल्यावर शरीर नेमकं किती गार होतं?

५ अंशांचं २५० मिली सरबत पोटात जाऊन ३७ अंशांवर येतं, तेव्हा ते ३३ किलोज्यूलच्या आसपास उष्णता शोषतं. त्वचेवरचा एक ग्रॅम घाम सुकताना जवळपास २.४ किलोज्यूल घेऊन जातो. भागाकार करा: अख्खा गार ग्लास बरोबर १४ ग्रॅम घाम. तीन चहाचे चमचे!

दोनदा केलं गणित. बरोबर आहे.

म्हणजे मी महिनाभर ज्या गारव्यामागे लागले होते, तो मुख्यतः जिभेचा आणि घशाचा आनंद आहे. शरीराला गार करतो तो घाम, आणि ग्लासाचं खरं काम घामाला पाणी पुरवणं. ७०० ग्रॅम गेले असतील तर एक ग्लास कुठे पुरणार? पेय असं हवं की दुसरा आणि तिसरा ग्लासही नकोसा होऊ नये. घशात गोड चिकटून राहिलं की हात थांबतो. लेक सरबतानंतर पाण्याकडे का धावायची, ते आज कळलं. तिला तहान होती, आणि आम्ही तिला मिठाई पाजत होतो.

घामातून मीठही जातं, पण माणसामाणसांत फार फरक असतो. पळून आल्यानंतरच्या ग्लासात ०.३ ग्रॅम ठेवायचं. दिवसभर घरात बसून प्यायच्या ग्लासात मीठ नाहीच. आईला रक्तदाबासाठी कमी मीठ सांगितलंय, तिच्या बाटलीवर वेगळी खूण.

३० मार्च

आई भर दुपारी गरम चहा पिते आणि वर म्हणते, 'याने बरं वाटतं गं.' मी इतकी वर्षं हसत आले. २०१२ मध्ये ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांना गरम आणि गार पाणी देऊन पाहिलं. गरम प्यायल्यावर घाम जास्त येतो, आणि तो सगळा सुकू शकत असेल तर शरीरात साठलेली उष्णता उलट कमी भरते. अट एकच, घाम सुकायला हवा. दमट हवेत तो नुसता ठिबकतो आणि ठिबकलेल्या घामाचा काही उपयोग नाही.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मग आता माझ्यासाठी आलं घालून ठेव.'

६ एप्रिल

१८ मार्चच्या पाकात धागे. उजेडात धरलं तर तळाशी तरंगणारा पांढुरका गोळा. एकोणीस दिवस टिकला. साखर आणि पाणी समसमान म्हणजे ५० टक्के साखर, बुरशीला तेवढं पाणी खूप झालं. साखर वाढवली की पाणी साखरेच्या ताब्यात जातं आणि बुरशी उपाशी मरते. मुरंबे याच तत्त्वावर टिकतात.

नवा पाक: दोन भाग साखर, एक भाग पाणी, वजनाने. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवल्या.

११ एप्रिल

बाटलीच्या तळाशी खडीसाखर! दोनास एक म्हणजे जवळपास ६७ टक्के, खोलीच्या तापमानाला पाण्यात मावते तितकी शेवटची साखर. फ्रिजमध्ये पाण्याची झेप ६४-६५ वर येते, जास्तीची खाली बसते. लेकीने खडे काढून खाल्ले, तिच्यापुरता हा सर्वांत यशस्वी प्रयोग.

तीनास दोन करून पाहते, म्हणजे ६० टक्के. लिंबाचे थेंब टाकून पाक उकळला की साखर थोडी फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि खडे धरत नाहीत, हाही उपाय आहे. पण सालीच्या तेलाला उकळी द्यायची नाही, म्हणून तीनास दोनच.

१५ एप्रिल

पुदिना. पाकात उकळला, तर वाळल्या गवताचा वास आणि शेवाळी तपकिरी रंग. दुसऱ्यांदा पानं पंधरा सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच बर्फात, मग गार पाकात वाटली. रंग हिरवागार राहिला, कारण पानं काळी पाडणारं विकर उकळत्या पाण्यात निकामी होतं.

पण मला तपासायचं होतं वेगळंच. पुदिन्याने तोंडाला गार वाटतं ते थर्मामीटरवर दिसत नाही. मेंथॉल नावाचा घटक थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ या ग्राहीला फसवून चालू करतो. २००२ मध्ये हा ग्राही सापडला, आणि तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या संशोधनासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. तर मग बर्फ कमी करून पुदिन्यावर भागेल का?

२२ अंशांचे दोन ग्लास, एकात पुदिना, डोळे बांधून. कुणालाही फरक वाटला नाही. वास आला, गारवा नाही. हिरमोड.

दोन दिवसांनी भर: कुंडीतला आमचा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा. त्याचा वास कार्व्होनचा असतो, मेंथॉल त्यात नगण्य. पेपरमिंटची सुकी पानं आणून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लेकीने खोलीच्या तापमानाचा ग्लास 'फ्रिजमधला' म्हणून ओळखला. पानं ओळखायला चुकले होते.

२० एप्रिल

आल्याचं फसफसणारं पेय. एक लिटर पाणी, ४० ग्रॅम किसलेलं आलं, ६० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर कोरडं यीस्ट. सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत, वर चार बोटं जागा सोडून. काचेची बाटली मुद्दाम टाळली: प्लॅस्टिकची बाटली दाबून आतला दाब कळतो, काच काही न सांगता फुटते.

२१ एप्रिल

बाटली दगडासारखी टणक. गार न करताच झाकण फिरवलं. छताला आल्याचे तंतू अजून चिकटलेले आहेत.

झालं ते माझ्याच अज्ञानाने. साखर आंबली की तिचं निम्मं वजन कार्बन डायऑक्साइड होतं आणि निम्मं अल्कोहोल. ६० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर तीसएक ग्रॅम वायू. चांगल्या फसफसत्या सोड्यात लिटरला ६ ते ८ ग्रॅम असतो. म्हणजे मी बाटली नाही, फटाका भरला होता. शिवाय वायू शून्य अंशाच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट विरघळतो. बाटली आधी फ्रिजमध्ये घालून मगच उघडायला हवी होती.

वायूपुरती १६ ग्रॅम साखर आंबू दिली तरी लिटरमागे ८ ग्रॅम अल्कोहोल राहणारच. फार नाही, पण लेकीच्या ग्लासात तेही नको. प्रयोग बंद.

त्याऐवजी आल्याचा रस काढून वीस मिनिटं निवत ठेवला. तळाला पांढरा स्टार्च बसतो, तो तसाच ठेवून वरचा रस ओतून घ्यायचा, नाहीतर पाक गढूळ आणि चिकट होतो. हा रस तीनास दोन पाकात. ग्लासात पाक, वर गार साधा सोडा, ढवळणं कमीत कमी. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये दारूच्या भट्टीतल्या आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरून पहिलं फसफसतं पाणी केलं. त्याच्या पिंपाला निदान झाकण नव्हतं.

आईच्या चहातही आता हाच पाक. तिने दुसरा कप मागितला. हा वहीत धरायचा की नाही? धरला.

२६ एप्रिल

गार चहा. गरम करून गार केला तर गढूळ होतो: चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना चिकटतात. दहा ग्रॅम पत्ती एक लिटर गार पाण्यात घालून आठ तास फ्रिजमध्ये ठेवली तर पाणी काचेसारखं स्वच्छ, तुरटपणा निम्मा, साखरेची गरजच नाही. काही जण बरणी उन्हात ठेवून चहा करतात, तो मात्र टाळावा. ते पाणी जंतू मरतील इतकं तापत नाही, वाढतील इतकं मात्र नक्की तापतं.

लेकीला चहा नाही. तिच्यासाठी गोकर्णाची निळी फुलं तशीच भिजवली. त्यात लिंबाचा खडा टाकला की निळं पाणी जांभळं होत जातं. चव विशेष नाही, पण खडा विरघळेपर्यंत तिने ग्लासावरून नजर हलवली नाही.

३ मे

कलिंगड. पाक करावा म्हणून रस आटवला, आणि स्वयंपाकघरात भोपळा शिजल्याचा वास पसरला. एकाच कुळातले, आटवल्यावर खरं रूप दाखवतात. फेकला.

कच्चा रस मात्र भन्नाट. कलिंगडात ९२ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि १०० ग्रॅमला सहाएक ग्रॅम साखर. मी दोन महिने ज्या आकड्यापाशी धडपडत पोचले, तो निसर्गाने आधीच भरून ठेवलाय. एका ग्लासाला पाव खडा लिंबू, ०.३ ग्रॅम मीठ, बास. मिक्सर दोन-तीन झटक्यांवर थांबवायचा. जास्त फिरवला तर फेस येतो, बिया चिरडतात. तासाभरात रस आणि गर वेगळे होतातच, ढवळून प्यायचं.

एक टोचणी: आरोग्य संघटनेच्या मोजणीत रसातली साखर मर्यादेत धरतात, फोडी करून खाल्लेली नाही. म्हणून रस एकच ग्लास, पुढे फोडी.

काकडी याच दिवशी उरकली. देठाकडचा दोन बोटं भाग चाखून कडू असेल तर काढायचा, बाकीच्या चकत्या पाण्यात. कृती संपली.

१७ मे

लेकीचं पोट बिघडलं. नवरा म्हणाला, 'आपलं मिठाचं सरबत देऊ ना, त्यात सगळं आहे.'

नाही, सगळं नाही. जुलाबातल्या पाण्यासाठी जलसंजीवनीचं माप वेगळं आणि नेमकं आहे. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागे पाणी, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. आमच्या सरबतात मीठ निम्म्याहून कमी आणि साखर साडेतीन पटींहून जास्त. अशा वेळी जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. पाकीट आणलं, एक लिटर पाणी मोजून त्यात पूर्ण पाकीट विरघळवलं. पाकीट नसतं तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ एक लिटर स्वच्छ पाण्यात, चमचा ५ मिलीचा.

दोन दिवसांनी भर: बरी आहे. कलिंगड मागतेय.

२४ मे

तीनास दोनचा पाक सहा आठवडे झाले तरी स्वच्छ. चिठ्ठीवर मात्र 'तीन आठवडे' असंच लिहिलंय. साडेबारा ग्रॅम साखरेसाठी २१ ग्रॅम पाक तोलायचा हट्ट सोडला: १५ मिलीचं माप एकदा भरलं की १९ ग्रॅम येतो, साखर साडेअकरा, म्हणजे १०० मिलीला साडेचारच्या आसपास. फरक कुणालाही कळला नाही.

एक अडचण शेवटपर्यंत पुरली. रसाचा खडा सावकाश वितळतो, त्यामुळे पहिला घोट गोड आणि शेवटचा आंबट. उत्तर फारच साधं निघालं. आधी खडा, पाक आणि दोन घोट साधं पाणी एवढंच घेऊन खडा विरेपर्यंत ढवळायचं, मग बाकीचं पाणी आणि ५० ग्रॅम बर्फ. मिनिटाभराच्या जागी दोन मिनिटं लागतात, कबूल.

काल पाहुणे आले होते. त्यांच्या पाण्याच्या ग्लासात बर्फ म्हणून रसाचे खडे गेले. एक जण बिचारे आंबट तोंड करून सगळं पाणी प्यायले आणि 'छान' म्हणाले. आज सकाळी ट्रेवर लेकीच्या अक्षरातली पट्टी दिसली: 'हा बर्फ नाही.'